बसा काका, सायकल टपावर टाकू

आमच्या घरात सायकल आली ती 2020 च्या लॉकडाउनमध्ये. मुलानं घेतली, महिनाभर चालवली आणि पुढं तो नोकरीला जर्मनीला गेला. सायकल बाल्कनीत राहिली. हँडलवर टॉवेल, नळीवर माझे लेंगे, सीटवर पायपुसणं असा तिचा संसार सुरू झाला. परवाच्या दिवाळीत बायको म्हणाली, "एकतर चालवा, नाहीतर विका. कपडे वाळत घालायला 21 गिअर लागत नाहीत."

विकायला काढली असती तर मुलगा रुसला असता. म्हणून चालवायला घेतली.

सांगली सपाट गाव. चढ म्हणून काय तो एखाद्या पुलाचा. सकाळी विश्रामबागेतून निघायचं, हरिपूर रस्त्याच्या चिंचांखालून संगमेश्वरापर्यंत जायचं, कृष्णा-वारणेला लांबूनच हात जोडायचे आणि परत. यात अवघड काय असणार? मलाही तसंच वाटलं होतं. इथं सायकलवाल्याचा जीव जातो तो लोकांच्या प्रेमापायी.

पहिल्याच दिवशी परत येताना गल्लीत वळायचं म्हणून मी उजवा हात आडवा केला. शाळेत शिकवलेलं, हाडात मुरलेलं. मागून वडापची रिक्षा करकचून थांबली.

"मिरज का?"

"नाही हो, वळतोय."

"मग हात कशाला केला?"

"वळतोय म्हणूनच."

त्यानं जरा विचार केला. आत सहा-सात माणसं कोंबलेली होती, त्यांनीही केला. मग तो मऊ आवाजात म्हणाला, "लाजू नका. बसा काका, सायकल टपावर टाकू." आतल्या एका मावशींनी पिशवी मांडीवर घेऊन चार बोटं जागासुद्धा केली. मागं तोवर दहा-बारा गाड्या तुंबल्या होत्या आणि सगळे माझ्याच नावानं हॉर्न वाजवत होते, कारण रिक्षा मी थांबवली हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या दिवसापासून मी हात दाखवत नाही. मान वळवून मागच्याकडं केविलवाणं बघतो. हा इशारा सगळ्यांना कळतो.

गाडीत असलो की मी 'साहेब'. स्कूटरवर 'काका'. सायकलवर पहिले दोन आठवडे 'ए मामा' होतो, मग हेल्मेट घेतलं आणि एकदम 'सर' झालो. पण 'सर' म्हणणाऱ्याचा पुढचा प्रश्न ठरलेला. पुष्पराज चौकात सिग्नलला बुलेटवाला शेजारी येऊन विचारतो, "सर, कितीला बसली?" खरं सांगितलं, 28,000. "एवढ्यात सेकंडहँड गाडी आली असती की ओ!" दुसऱ्या दिवशी दुसऱ्यानं विचारलं तेव्हा 8,000 सांगितले. तो हळहळला, "फसवलं तुम्हाला." आता मी म्हणतो, मुलाची आहे. त्यावर सगळे समजुतीनं मान हलवतात. पोरानं म्हाताऱ्याला गाडी दिली नाही, सायकलवर भागवलं, असा काहीतरी अर्थ त्यांना लागत असावा.

हॉर्नचं तर स्वतंत्र व्याकरण आहे. बारीक 'पीप' म्हणजे मी आलोय. दोनदा 'पीप पीप' म्हणजे सरका. आणि लांबलचक 'पोंऽऽ' म्हणजे मागचा माणूस माझ्या ओळखीचा आहे आणि तो नमस्कार करतोय. दचकून वळलो की तो काचेतून हात हलवत निघून गेलेला असतो, आणि मी गटाराच्या कडेला एक पाय टेकून कोण बरं होता याचा विचार करत उभा. 2015 मध्ये आपल्याकडं ट्रकच्या मागं 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला बंदी आली. अक्षरं पुसली जायला वेळ लागला, पण तोवर सगळ्यांचं ते पाठ झालं होतं.

मुलाला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, "बाबा, इथं शहरात सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर सोडावंच लागतं. कायदाच आहे, 2020 पासून." मी म्हणालो, अरे, हरभट रोडवर सायकलपासून दीड मीटर सोडायचं म्हटलं तर गाडी दुकानातनं घालावी लागेल, आणि आत गेलोच आहे तर पावशेर भडंग बांधून घेऊन दुसऱ्या दारानं बाहेर.

पण खरी परीक्षा झाली ती गळिताच्या हंगामात. आयर्विन पूल ओलांडून, सांगलीवाडीच्या पुढं डिग्रजच्या रस्त्याला लागलो होतो. मागं उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या जोडलेल्या, वर ऊस असा हलत होता की कुणाच्या डोक्यावर पडायचं ते त्याचं अजून ठरत नसावं. टेपवर गाणं इतकं जोरात की माझं हँडल तालात थरथरत होतं. मी सभ्यपणानं कडेला झालो आणि पुढं व्हा म्हणून हात केला. त्यानं गाणं बारीक केलं. "नको, तुम्ही व्हा. तुम्ही मोठं."

"अहो, तुमची गाडी मोठी!"

"गाडीचं काय, लोखंड हाय ते. तुम्ही व्हा."

झालं पुढं. पण माझा वेग आणि भरल्या ट्रॅक्टरचा वेग एकच. दम लागला की मी कडेला होऊन हात करायचा, त्यानं ब्रेक दाबून मान हलवायची. त्याच्या मागं एसटी, एसटीमागं दोन टेम्पो, त्यामागं एक लग्नाचं वऱ्हाड. शेवटी एसटीच्या ड्रायव्हरनं मुंडकं बाहेर काढलं, "दोघं मिळून सोयरीक जुळवताय काय रं?" तेव्हा मी सायकल उचलली आणि सरळ उसात शिरलो. ट्रॅक्टरवाल्यानं जाताना दोन टिपऱ्या काढून माझ्या हातात दिल्या. "खावा. दमलाय."

या सगळ्याचा माझ्यावर परिणाम झाला. पूर्वी गाडी चालवताना सायकलवाला मला दिसायचा तो आरशात, तोही मागं पडल्यावर. आता लांबूनच दिसतो.

गेल्या आठवड्यात गाडी घेऊन हरिपूरला निघालो होतो. पुढं एक दूधवाले आजोबा, जुनी काळी सायकल, दोन्ही बाजूंना कॅन. मी ठरवलं, हॉर्न वाजवायचा नाही, घासून जायचं नाही, रुंद जागा मिळाली की मगच पुढं. तीस पावलांचं अंतर ठेवून मी पहिल्या गिअरमध्ये गुपचूप मागं. त्यांनी एकदा वळून पाहिलं. मी हसलो. दुसऱ्यांदा पाहिलं. मी मान लववली. तिसऱ्यांदा ते उतरले, सायकल स्टँडला लावली आणि माझ्या काचेवर टकटक केलं.

"काय वो सायब, कवापास्नं बघतोय, पाठलाग करताय व्हय? दुधात पानी नाय आमच्या. हवं तर हितंच तपासा!"