आम्ही किती वेळा कोल्हापूरला पळायचे?

सकाळी सहा वाजता वडिलांच्या उजव्या हातातून चहाची बशी निसटली आणि ते काय बोलत आहेत हे आईला कळेना. चंदगड तालुक्यातल्या आमच्या गावातून त्यांना सरकारी दवाखान्यात नेले, तर तिथल्या तरुण डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, सलाइन लावली आणि 'कोल्हापूरला हलवा' अशी चिठ्ठी हातात दिली. त्यांच्यावर माझा राग नाही. स्कॅनची सोय नाही, मेंदूविकारतज्ज्ञ नाही, अशा ठिकाणी त्यांनी तरी काय करायचे? ही चिठ्ठी म्हणजेच तालुक्याची आरोग्यसेवा, असे मानून वर्षानुवर्षे निवांत बसलेल्यांचा मात्र मला संताप येतो.

हा पक्षाघाताचा झटका होता. अशा झटक्यात मेंदूत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे दिसल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि रक्तस्राव झालेला नाही याची स्कॅनवर खात्री केल्याशिवाय ते देता येत नाही. चंदगडहून कोल्हापूर १०० किलोमीटरहून अधिक लांब! बेळगाव जवळ होते, हे आता सगळेच सांगतात. पण चिठ्ठी कोल्हापूरची होती आणि १०८ ची गाडीही तिकडेच निघाली. आधी त्या गाडीची वाट पाहण्यात, मग उसाच्या ट्रॉल्यांमागे रखडण्यात आणि शेवटी केसपेपरच्या रांगेत आमचे तास गेले. स्कॅन झाला तेव्हा पावणेबारा वाजले होते. वेळ टळून गेल्याचे डॉक्टर सांगत होते, तेव्हा वडील डाव्या हाताने उजव्या हाताची बोटे उलगडू पाहत होते.

प्रत्येक तालुक्याला मेंदूविकारतज्ज्ञ द्या, असे माझे म्हणणे नाही. चंदगड-आजऱ्याच्या माणसाला तासाभरात गाठता येईल अशा सरकारी रुग्णालयात चोवीस तास स्कॅन आणि तो काढणारा माणूस ठेवा, कोल्हापुरातल्या तज्ज्ञाला तो लगेच दाखवा आणि इंजेक्शन तिथेच द्या. डोंगराळ हिमाचल प्रदेशातल्या जिल्हा रुग्णालयांत मोबाइलवर स्कॅन दाखवून हे केले गेले आहे, मग आपल्याकडे कशाची अडचण आहे? इमारतींना पैसा मिळतो, उद्घाटनाचे मांडव पडतात, पण तज्ज्ञाची जागा रिकामी राहिली तर त्याचा जाब कोणी कोणाला विचारत नाही.

मंगळवारी पुन्हा तपासणी आहे. पाच मिनिटांच्या त्या तपासणीसाठी वडिलांना पहाटे चारला उठवायचे, आईने त्यांच्या शर्टाची बटणे लावायची आणि दोघांनी धरून त्यांना एसटीत चढवायचे.