'बीपीए फ्री' ठीक आहे हो, पण मग त्यात आहे काय?

डब्याबाटल्यांवर 'बीपीए फ्री' छापलेलं दिसलं की माझं डोकं फिरतं. घरचे तर आता मला भांड्यांच्या दुकानात नेतच नाहीत. तो स्टिकर खोटा असतो असं माझं म्हणणं नाही, बहुतेक वेळा खराच असतो, पण तो सांगतो काय, तर बीपीए (बिस्फेनॉल ए, कडक प्लास्टिक बनवायला वापरतात ते) हे एक केमिकल यात नाही. मग त्याच्या जागी काय घातलंय? ते कुठेच लिहिलेलं नसतं आणि माझं सगळं भांडण त्या न लिहिलेल्या गोष्टीशी आहे. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

मी झूऑलॉजी शिकवते त्यामुळे मला माणसांच्या आधी प्राणी आठवतात. अमेरिकेत क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह युनिव्हर्सिटीत पॅट्रिशिया हंट नावाच्या बाई उंदरांच्या माद्यांवर काम करत होत्या. प्लास्टिकशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. आईचं वय वाढलं की बीजांडांमध्ये क्रोमोसोमच्या चुका का वाढतात, ज्या चुकांमुळे गर्भपात होतात, डाउन सिंड्रोम होतो, एवढाच त्यांचा प्रश्न. आणि १९९८ च्या ऑगस्टमध्ये अचानक कंट्रोल ग्रुपच बिघडला! म्हणजे ज्या माद्यांना काहीही दिलेलं नाही त्यांचीच बीजांडं गडबडलेली. विभाजनाच्या वेळी क्रोमोसोम मधोमध नीट एका रेषेत यायला लागतात, इथे ते इकडेतिकडे विखुरलेले. एरवी शंभरात एकदोन बीजांडांत असं दिसतं, ते प्रमाण थेट ४० टक्क्यांवर गेलं.

शोधाशोध केल्यावर कारण काय निघालं, तर चुकीचा साबण. पिंजरे धुवायला तात्पुरता आलेल्या माणसाने फरशी पुसायचं जास्त अल्कलाइन डिटर्जंट वापरलं होतं. पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या पॉलिकार्बोनेटच्या. आणि पॉलिकार्बोनेट म्हणजे बिस्फेनॉल ए, तेच ते बीपीए, त्याचे रेणू एकमेकांना जोडून केलेली लांबच लांब साखळी. अल्कली आणि उष्णता मिळाली की हे जोड तुटतात आणि सुटलेलं बीपीए पाण्यात उतरतं. मग त्यांनी मुद्दाम तसेच पिंजरे खराब करून बघितले, माद्यांना थेट बीपीए देऊनही बघितलं, परिणाम तोच. हे सगळं छापून यायला २००३ साल उजाडलं.

खरं सांगू का, यात धक्का बसण्यासारखं काही नव्हतंच. बीपीए इस्ट्रोजेनसारखं, म्हणजे मादीच्या मुख्य हार्मोनसारखं वागतं हे १९३६ पासून माहीत होतं. लंडनमध्ये डॉड्स आणि लॉसन यांनी अंडाशय काढून टाकलेल्या रॅट माद्यांना ते देऊन बघितलं होतं. अंडाशयच नाही म्हणजे त्यातून येणारं इस्ट्रोजेन नाही, तरी योनीच्या अस्तरात इस्ट्रोजेन दिल्यावर होतात तसे बदल दिसले. औषध म्हणून ते मागे पडलं कारण १९३८ मध्ये डॉड्सच्याच टीमला त्याहून कितीतरी जोरदार असं डीईएस नावाचं कृत्रिम इस्ट्रोजेन सापडलं (त्या डीईएसने पुढे गरोदर बायकांच्या मुलींचं काय केलं ती वेगळी आणि फार वाईट गोष्ट आहे, कधीतरी लिहीन). आणि मग १९५० च्या दशकात त्याच बीपीएपासून कडक, पारदर्शक, न फुटणारं प्लास्टिक बनायला लागलं. प्राण्याच्या शरीरात हार्मोनचं काम करतं हे माहीत असलेला रेणू घेऊन आपण बाळाच्या दुधाच्या बाटल्या केल्या, याला काय म्हणायचं तुम्हीच सांगा.

आता बीजांडांचं वेळापत्रक, कारण सगळी मेख तिथे आहे आणि वर्गातसुद्धा पोरं इथेच गप्प होतात. शुक्राणू वयात आल्यापासून रोज तयार होतात, बीजांडांचं तसं नाही. मादीची सगळी बीजांडं ती स्वतः आईच्या पोटात असतानाच घडायला लागतात. बाईच्या बाबतीत गर्भ साधारण वीस आठवड्यांचा असताना सहासात दशलक्ष असतात, जन्मापर्यंत एकदोन दशलक्ष उरतात आणि आयुष्यभरात त्यातली जेमतेम चारशे बाहेर पडतात. मायॉसिस, म्हणजे क्रोमोसोम निम्मे करणारं विभाजन, ते जन्माआधी सुरू होतं आणि मध्येच थांबतं, मग पंधरा वर्षांनी, तीस वर्षांनी, चाळीस वर्षांनी त्या त्या बीजांडाची वेळ आली की पुढे सरकतं. म्हणजे तुमची आई तुमच्या आजीच्या पोटात होती तेव्हाच ते बीजांड बनलेलं होतं ज्यातून तुम्ही आलात.

हंट यांच्या टीमने २००७ मध्ये नेमकी हीच वेळ पकडली. गरोदर उंदरीणीला अगदी कमी बीपीए दिलं आणि तिच्या पोटातल्या मादी पिल्लांची अंडाशयं तपासली. क्रोमोसोमच्या जोड्या नीट जुळत नव्हत्या, आणि ती पिल्लं मोठी झाल्यावर त्यांच्या अंड्यांत आणि भ्रूणांत क्रोमोसोमची संख्या चुकलेली. पाजलं आजीला, बिघडलं नातवंडांचं. २०१२ मध्ये ऱ्हीसस माकडिणींवर तसंच काम झालं तेव्हाही गर्भाच्या अंडाशयात गडबड दिसली, एका फॉलिकलमध्ये (बीजांड ज्यात वाढतं त्या पिशवीत) एकाहून जास्त बीजांडं वगैरे. माकड आपल्या बरंच जवळचं आहे म्हणून हे महत्त्वाचं.

तर एवढं झाल्यावर बीपीएवर ओरड झाली, बाळाच्या बाटल्यांतून ते गेलं, युरोपात २०११ मध्ये, अमेरिकेत २०१२ मध्ये, आपल्याकडेही. छान. कंपन्यांनी काय केलं? बीपीएस आणलं, बीपीएफ आणलं. नावातच दिसतंय ना, सगळी बिस्फेनॉलच, रेणूचा सांगाडा तोच, मधला एक तुकडा वेगळा. चोराला हाकललं आणि किल्ल्या त्याच्या भावाच्या हातात दिल्या. दुकानातली पावती घ्या, ती शाईने छापत नाहीत, कागदावर लावलेल्या केमिकलवर उष्णता देऊन अक्षरं उठवतात. युरोपने २०२० पासून त्या कागदात बीपीएवर बंधन आणलं तर बऱ्याच जणांनी बीपीएस लावायला घेतलं.

आणि गंमत बघा (गंमत कसली), हंट बाई तोवर वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत गेलेल्या, पिंजरे बदलून पॉलिसल्फोन नावाच्या दुसऱ्या प्लास्टिकचे केलेले, आणि परत कंट्रोलचे उंदीर बिघडले! काही पिंजऱ्यांवर पांढरट थर दिसत होता, त्या खराब झालेल्या प्लास्टिकमधून बीपीएस येत होतं. एकाच बाईच्या लॅबमध्ये कित्येक वर्षांच्या अंतराने तोच अपघात, फक्त केमिकलचं नाव बदललेलं. २०१८ मध्ये त्यांनी छापलं की बदली आणलेल्या बिस्फेनॉलनीही उंदरांच्या अंड्यांत आणि शुक्राणूंत तशाच प्रकारच्या चुका होतात आणि आज सगळं बंद केलं तरी नरांमधला परिणाम जायला साधारण तीन पिढ्या लागतील.

आता दुसरी बाजू पण सांगते, नाहीतर कमेंटमध्ये कोणीतरी येईलच. २०१८ मध्येच अमेरिकेच्या एफडीएने (तिथली अन्न-औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) रॅटवरचा मोठा अभ्यास बाहेर काढला आणि निष्कर्ष काढला की आत्ताच्या वापरात बीपीए सुरक्षित आहे, परिणाम किरकोळ. त्याच प्रकल्पात काम केलेले युनिव्हर्सिटीवाले म्हणाले की अगदी कमी डोसला काही परिणाम दिसतात ते तुम्ही बाजूला टाकताय. हार्मोनची गोष्टच अशी की डोस वाढला की परिणाम वाढेल असं सरळ गणित नेहमी लागू होत नाही, त्यामुळे हा वाद नुसता राजकारणाचा नाहीये. पण युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये रोजची सुरक्षित मर्यादा आधीच्या मानाने २०,००० पट खाली आणली. माझं मत त्यांच्या बाजूने झुकतं.

पण मर्यादेपेक्षा मला चीड आहे ती एकेक नाव पकडण्याच्या पद्धतीची. दुसरी पद्धत असू शकते, एकेक नाव न पकडता अख्खं कुटुंबच बंद करायची, आणि ती एकदा यशस्वीही झालेली आहे. १९७० च्या सुमारास इंग्लंडमध्ये प्लिमथच्या किनाऱ्यावर समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराचं लिंग उगवलेलं सापडलं. पुढे कळलं की जहाजांच्या बुडाला शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून लावतात त्या रंगातलं टीबीटी (ट्रायब्युटिलटिन) हे केमिकल याला कारण, लिटरमागे एक नॅनोग्रॅमसुद्धा पुरे. वाढलेल्या ऊतीने अंडी बाहेर यायची वाट बंद व्हायची, अंडी आत साठून मादी मरायची. फ्रान्समध्ये आर्काशोंच्या खाडीत याच टीबीटीमुळे कालवांचा (ऑयस्टरचा) धंदा बसला तेव्हा त्यांनी १९८२ मध्ये बंधन आणलं. आपल्याकडे गोव्यात दोनापावलाच्या एनआयओच्या (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या) लोकांनी मुरगाव बंदराच्या भागातल्या शंखांमध्ये हेच बघितलंय, म्हणजे हे दूरचं कुठलंतरी नाही. शेवटी २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला, २००८ मध्ये लागू झाला, आणि त्यात टीबीटी एकटं बंद केलं नाही, जहाजाच्या रंगात विष म्हणून वापरली जाणारी सगळी ऑरगॅनोटिन संयुगं (टीबीटीसारखी, कथिल असलेली) एकदम बाद. इंग्लंडच्या किनाऱ्यावर गोगलगायी बऱ्याच ठिकाणी परत आल्या. बिस्फेनॉलला हेच करा ना! युरोपने २०२४ च्या शेवटी अन्नाशी संबंध येणाऱ्या वस्तूंत बीपीए आणि सोबतची धोकादायक ठरलेली बिस्फेनॉलंही बंद करायचा नियम केला, उशीर झाला पण दिशा बरोबर. आपल्याकडे निदान बाटलीवर काय नाही याच्याऐवजी काय आहे ते लिहायची सक्ती करा, एवढं तरी.

प्रेग्नंट मैत्रिणी विचारतात म्हणून सांगते, घाबरून जाऊ नका. उंदीर म्हणजे बाई नव्हे आणि मी डॉक्टर नाही. मी स्वतः गरम काही प्लास्टिकमध्ये ओतत नाही, ओरखडे पडलेला जुना कडक प्लास्टिकचा डबा वापरत नाही, पाण्याचा निळा जार बऱ्याचदा पॉलिकार्बोनेटचा असतो म्हणून तो उन्हात ठेवलेला दिसला की घेत नाही, पावती लगेच टाकते. बाकी सगळं स्टील आणि काच. पीसीओडी (बायकांच्या अंडाशयाचा, हार्मोनशी संबंधित त्रास) प्लास्टिकमुळेच होतो असं मी कुठेही म्हटलेलं नाही, तेव्हा स्क्रीनशॉट काढून तसं फिरवू नका. आणि हार्मोन डिटॉक्स पावडरच्या लिंक खाली कोणी टाकल्या तर डिलीट करणार, आधीच सांगते.