नऊची शाळा चौथीला मिळाली, नववी-दहावीच्या झोपेचं काय?

(लांब पोस्ट आहे. घरात आठवी ते बारावीचं कुणी असेल तर मात्र वाचाच.)

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने परिपत्रक काढलं की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका. त्याआधी डिसेंबरात तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या झोपेचा विषय जाहीरपणे काढला होता. पालकांच्या ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला आणि बसवाल्या काकांनी कपाळाला हात लावला. पोरं झोपावीत असं सरकारला वाटलं, याचं मलाही कौतुक आहे. तक्रार एवढीच की सकाळच्या शाळेचा सगळ्यात मोठा फटका ज्या वयाला बसतो, ते वय चौथीचं नाही. ते आठवीपासून पुढचं आहे, आणि तिथपर्यंत हे परिपत्रक पोचतच नाही.

ठाण्यातल्या घोडबंदर रोडवाल्यांना वेगळं सांगायला नको. सकाळी सहाच्या सुमाराला वाघबीळ, कासारवडवली, मानपाडा, कुठल्याही सोसायटीच्या गेटवर बघा. उंचीने आईबापांना मागे टाकलेली पोरं दप्तराला टेकून उभ्याउभ्या डुलक्या घेत असतात. शाळा सातला, बस त्याच्या तासभर आधी, कारण नंतर रस्ता तुंबतो. दुपारी घरी, संध्याकाळी नौपाड्यात नाहीतर पाचपाखाडीत क्लास, तो सुटणार नऊला. जेवण, क्लासचा होमवर्क, शाळेचं प्रोजेक्ट, थोडा मोबाइल (थोडा म्हणजे किती, ते ज्याचं त्याला ठाऊक) आणि अंथरूण गाठायला साडेअकरा-बारा. म्हणजे झोप साडेपाच तास. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली सगळे अभ्यास तपासून १३ ते १८ वयासाठी आकडा दिला, तो आठ ते दहा तासांचा आहे.

"मग रात्री लवकर झोपायला काय होतं?" आमच्या घरात हा प्रश्न सासूबाई रोज विचारतात. लवकर निजे लवकर उठे, हे त्यांचं ब्रह्मवाक्य. साताऱ्याकडच्या गावात त्या पहाटे उठून कंदिलाच्या उजेडात पाठांतर करायच्या. खरंच आहे ते. पण त्यांच्याकडे रात्री साडेआठला गाव निजायचं, हे त्या सांगत नाहीत.

या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात मेरी कार्सकाडन या संशोधिकेने आख्खी कारकीर्द घातली. १९७६ पासून अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात तिने उन्हाळी शिबिरं घेतली. तीच ती मुलं दरवर्षी यायची आणि त्यांना रात्री दहा तास अंथरुणात राहायची मुभा असायची. तेव्हा समज असा होता की मूल मोठं होईल तशी त्याला झोप कमी लागेल. निघालं भलतंच. वयात आलेली पोरंही लहानांइतकीच, सव्वानऊ तासांच्या आसपास झोपली, आणि तेवढं झोपूनही दिवसा लहानांपेक्षा जास्त पेंगुळली.

पुढे १९९३ मध्ये तिच्याच गटाने दाखवलं की शरीर वयात येऊ लागलं की झोपेची वेळ पुढे सरकते. झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन रात्री उशिरा वाढायला लागतं आणि सकाळी उशिरापर्यंत रेंगाळतं. शिवाय दिवसभर जागं राहिल्यावर डोळ्यांवर जी झापड चढत जाते, ती या वयात हळू चढते. त्यामुळे दहा वाजता दिवा मालवला तरी पोरगी टक्क जागी. तिला आपण हट्टी म्हणतो. १९९३ साली कुणाच्या पोरीच्या हातात स्मार्टफोन होता?

मोबाइलची बाजू घेत नाहीये मी. २०१५ च्या एका अभ्यासात दिसलं की वयात येण्याच्या सुरुवातीच्या टप्प्यात रात्रीच्या उजेडाने मेलाटोनिन जास्त दबतं. म्हणजे मुळात पुढे सरकलेली वेळ स्क्रीन आणखी पुढे ढकलते. तेव्हा रात्री फोन हॉलमध्ये चार्जिंगला, हा नियम आमच्याकडेही आहे आणि त्यावरून भांडणंही आहेत. पण सगळं खापर फोनवर फोडलं की शाळेची घंटा आणि क्लासचं वेळापत्रक सहीसलामत सुटतं.

कार्सकाडनचाच १९९८ चा एक प्रयोग वाचून मी सुन्न झाले. नववीतून दहावीत जाताना मुलांची शाळा आठ पंचवीसवरून सात वीसवर आली. मुलं लवकर झोपायला लागली का? नाही, झोप तेवढी कमी झाली. सकाळी साडेआठच्या सुमारास त्यांना अंधाऱ्या खोलीत आडवं केलं तर ती काही मिनिटांत झोपली, आणि जवळपास निम्मी मुलं थेट स्वप्नांच्या झोपेत शिरली. एरवी त्या टप्प्यावर पोचायला तास-दीड तास लागतो. असं झपकन शिरणं नार्कोलेप्सी नावाच्या, दिवसाही अनावर झोप आणणाऱ्या आजारात दिसतं. साडेआठ म्हणजे आपल्याकडे तिसरा तास. त्या तासाला गणित असतं, चाचणीही असते, आणि डायरीत शेरा येतो, 'वर्गात लक्ष नसते.'

आपल्याकडे यात आणखी एक भर आहे. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशावरची, ठाणे त्र्याहत्तरच्या आसपास. सूर्याच्या हिशोबाने आपण घड्याळाच्या अडतीसेक मिनिटं मागे आहोत. मुंबईची स्वतःची वेळ होती, ३९ मिनिटं मागची, आणि ती स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं इथे चालायची. थोडक्यात, सातची घंटा सूर्याच्या लेखी सहा बावीसला वाजते. जानेवारीत ठाण्यात सूर्य सव्वासातला उगवतो. म्हणजे पहिला तास सुरू होऊन गेलेला असतो.

मौलिक जगनानी या अर्थशास्त्रज्ञाने भारतातल्या मुलांबद्दल नेमकं हेच तपासलं. घड्याळाची वेळ देशभर एक, पण देशाच्या पश्चिम भागात सूर्य उशिरा मावळतो. सूर्यास्त तासभर उशिरा तर मुलांची झोप साधारण अर्ध्या तासाने कमी, आणि त्याचा परिणाम शिक्षणाच्या एकूण वर्षांपर्यंत जातो. गरीब घरांत जास्तच, कारण लहान खोली, गरमी, गोंगाट यात झोप भरून काढायची सोय नसते. कळव्या-मुंब्र्याच्या चाळीतल्या मुलाची आणि हिरानंदानीतल्या एसी बेडरूममधल्या मुलाची सातची शाळा सारखी नसते.

रात्र जागून अभ्यास करणाऱ्यांच्या पालकांसाठी दोन अभ्यास. लॉस एंजेलिसमधल्या ५३५ विद्यार्थ्यांनी रोजच्या अभ्यासाची आणि झोपेची नोंद ठेवली. ज्या रात्री नेहमीपेक्षा जास्त अभ्यासासाठी झोप मोडली, त्याच्या दुसऱ्या दिवशी वर्गात न समजणं आणि चाचणीत गडबड होणं वाढलं. हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. दुसरा सिंगापूरचा, २०१६ चा. तिथलं परीक्षांचं वेड आपल्याला शोभेल असंच आहे. आठवडाभर काही मुलांना पाच तास आणि काहींना नऊ तास झोप दिली. पाचवाल्यांचं लक्ष दिवसागणिक घसरत गेलं, मनःस्थिती बिघडली, आणि नंतर दोन रात्री भरपूर झोपूनही लक्ष पूर्ण सावरलं नाही. त्यामुळे रविवारी अकरापर्यंत झोपलेल्या पोराला आळशी म्हणू नका, पण त्या एका झोपेने आठवडा भरून निघाला असंही समजू नका.

"शाळा उशिरा केली तर कार्टी आणखी उशिरा झोपतील" हा आक्षेप मला जवळच्या मैत्रिणीकडूनच आला. अमेरिकेतल्या सिएटल शहराने २०१६ मध्ये माध्यमिक शाळा ७:५० वरून ८:४५ वर नेल्या. मुलांच्या मनगटावर यंत्र बांधून मोजलं, तर झोपायची वेळ जवळपास तीच राहिली आणि झोप रोज ३४ मिनिटांनी वाढली. दोन शाळा तपासल्या होत्या. त्यातल्या जास्त गरीब मुलं असलेल्या शाळेत गैरहजेरी आणि उशिरा येणं कमी झालं. कॅलिफोर्नियात तर २०२२ पासून हायस्कूल साडेआठच्या आधी भरवायचं नाही असा कायदाच आहे.

आता अडचणी. त्या खोट्या नाहीत. आपल्याकडे एकाच इमारतीत दोन सत्रं चालतात, एकाला नऊ दिले की दुसऱ्याला कुठे बसवणार? आठनंतर घोडबंदरवर बस काढायची म्हणजे काय, हे मी रोज भोगते. आईवडील दोघं नोकरीला जाणारे असतील तर पोरांना बाहेर काढून मगच लोकल गाठायची असते. ठाणं म्हणजे सिएटल नव्हे.

पण दोन सत्रं असतीलच, तर सकाळचं कुणाला आणि दुपारचं कुणाला, हे तर ठरवता येतं ना? सहा-सात वर्षांचं मूल मुळातच सकाळी लवकर टुणकन उठतं, फक्त रात्री त्याला साडेआठला निजवायला हवं. मोठ्यांचं शरीर सकाळला नाही म्हणतं. तेव्हा कुणीतरी सातला यायचंच असेल, तर ते लहानांनी यावं आणि माध्यमिक दुपारी भरावं, असं माझं मत आहे. परिपत्रकाच्या बरोबर उलट, हे कळतंय मला. बाबा नऊ अडतीसच्या लोकलने उतरून घरी येईपर्यंत पिल्लू जागं ठेवणाऱ्या घरांना हे आवडणार नाही, हेही कळतंय. पण दहावीतल्या मुलीने रात्री साडेनऊला झोपावं ही अपेक्षा शरीराशी भांडते. पाच वर्षांच्या मुलाने साडेआठला झोपावं, ही फक्त आपल्या सवयींशी.

आणि हे होईपर्यंत? सकाळच्या पहिल्या तीन तासांत चाचण्या नकोत. क्लासवाल्यांनी शेवटची बॅच आठला सोडावी, नाहीतर पालकांनी ती बॅच घेऊ नये. फिया आपणच भरतो, एवढं बोलायचा हक्क आहे.

पुढच्या पालकसभेत चाचण्यांची वेळ बदलायचा विषय मी मांडणार आहे. माध्यमिक दुपारी भरणाऱ्या शाळेत कुणाची मुलं असतील, ठाण्यात किंवा ऐरोली-वाशीकडे, तर कृपया लिहा. डबा, क्लास, मैदान हे सगळं तुम्ही दिवसात कसं बसवता? मुख्याध्यापक पहिला प्रश्न हाच विचारणार आहेत.