गोल दाब, पण दाबू नकोस

आमच्या कट्ट्यावर मंद्याचं एक जुनं दुखणं आहे. ते कुणी उकरून काढायचं नाही, हे आम्ही कधी न ठरवताही ठरलेलं आहे. गेल्या रविवारी चिन्मयनं ते उकरलं. चूक त्याची नव्हती. तो मंद्याचा मावसभाऊ, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, सुट्टीत डोंबिवलीला आलेला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत! कटिंगचा पहिला घोट घेतला आणि म्हणाला, "दादा, मी स्नेक ईटर डेल्टा संपवला. एकालाही न मारता."

सुब्यानं माझ्याकडे बघितलं, मी बंड्याकडे. मंद्या ग्लासात बघत होता.

"एकालाही?"

"एकालाही. मागून जायचं, धरायचं, काय विचारायचं ते विचारायचं आणि बेशुद्ध करून ठेवायचं. सोपं आहे."

सोपं आहे म्हणे! तिथून पुढचा दीड तास गेला.

ज्यांनी हा गेम खेळला नाही त्यांना थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं भांडण कळायचं नाही. स्नेक ईटर, म्हणजेच मेटल गिअर सॉलिड ३, हा कोनामी या जपानी कंपनीचा २००४ सालचा व्हिडिओ गेम, दिग्दर्शक हिदेओ कोजिमा. डेल्टा म्हणजे त्याचीच २०२५ मध्ये आलेली नवी आवृत्ती. काळ १९६४चा, शीतयुद्धाचा. स्नेक नावाचा अमेरिकन हेर एकटा सोव्हिएत जंगलात उतरतो. अंगाला अंग भिडवून लढायची त्याची एक खास विद्या आहे, तिला सीक्यूसी म्हणतात. ती त्यानं आणि त्याच्या गुरूनं, म्हणजे द बॉस नावाच्या बाईनं, मिळून घडवलेली. (त्यासाठी मोतोसादा मोरी नावाचा लष्करी सल्लागार घेतला होता, म्हणून ती झटापट बघताना फिल्मी वाटत नाही.) आणि ही सगळी विद्या पॅडवरच्या, म्हणजे हातात धरायच्या कंट्रोलरवरच्या, गोलाची खूण असलेल्या एका बटणात कोंबलेली. डाव्या अंगठ्याखालची छोटी दांडी, म्हणजे स्टिक, ढकलत गोल दाबलं की समोरचा जमिनीवर आपटतो. स्टिक मोकळी सोडून गोल दाबून ठेवलं की तो कवेत येतो, गळ्याशी सुरी. तसंच धरून डावी स्टिक आत चेपली की तो घाबरून काहीतरी सांगतो, एखादी रेडिओ फ्रिक्वेन्सी वगैरे. आणि गोल जरा जास्त दाबलं की गळा चिरला जातो.

जरा जास्त म्हणजे किती? मंद्याचं दुखणं ते हेच.

"तुला सोपं असणारच," मंद्या म्हणाला. "तुझ्या पॅडला दाब कळतो का? बटण एक तर दाबलेलं, नाहीतर सोडलेलं. आमच्या वेळी तसं नव्हतं."

"आमच्या वेळी," बंड्या म्हणाला. "छत्तिसाव्या वर्षी आजोबा झालास की रे."

पण मंद्याचं खरं होतं, आणि सुब्यानं ते चिन्मयला नीट समजावलं. पीएस-टूचा, म्हणजे प्लेस्टेशन २चा पॅड, ड्युअलशॉक २, त्याची जवळजवळ सगळी बटणं दाब मोजायची. शून्यापासून २५५ पर्यंत. पीएस-थ्रीच्या पॅडलाही ते होतं. पीएस-फोरच्या पॅडला काढून टाकलं, ते कायमचंच. २०११ मध्ये हाच गेम एचडी होऊन एक्सबॉक्स ३६०वर आला तेव्हाही त्या पॅडला दाब कळत नसल्यानं बटणांची मांडणी बदलावी लागली होती.

"आणि बदलली ते बरंच झालं," सुब्या म्हणाला. सुब्या मोबाईल ॲपचे स्क्रीन डिझाइन करतो, त्यामुळे जगातल्या प्रत्येक बटणाबद्दल त्याला मत असतं. "ते डिझाइन भिकार होतं. धरणं आणि मारणं एकाच बटणावर! स्क्रीनवर दाब दाखवणारा काटा नाही, रेघ नाही, काही नाही. आमच्या ऑफिसात मी असा स्क्रीन नेला, की हळू दाबलं तर फोटो सेव्ह होईल आणि जोरात दाबलं तर डिलीट, तर मला हाकलून देतील."

"फोटोचं आणि सुरीचं एकच का?" मी म्हणालो. "सुरी गळ्याला लावून धरणं आणि ती ओढणं यात खरंच किती अंतर असतं? तेवढंच अंतर त्यांनी अंगठ्यात ठेवलं. आणि नुसतं सीक्यूसीलाच नाही. पिस्तुलाचं आठव. चौकोन दाबला की नेम, सोडला की गोळी. आणि गोळी न झाडता पिस्तूल खाली घ्यायचं असेल तर चौकोन अगदी हळू, चोरासारखा सोडायचा. अख्खा गेम तुला सांगतोय, की मारणं फार सोपं आहे, न मारायला हात तयार लागतो."

"हे तू घरी पाठ करून आलास ना?" बंड्या म्हणाला.

खरं सांगायचं तर हो. हा मुद्दा मी आठेक वर्षं कुणाला तरी ऐकवायची वाट बघत होतो.

तेवढ्यात सायली आली. ती गाडी शिकवते, स्वतःचा छोटा क्लास आहे, आणि आमच्यात हा गेम खऱ्या अर्थानं कुणी खेळली असेल तर ती. तिला विषय कळला तशी तिनं चहा सांगितला आणि मंद्याच्या शेजारी बसली.

"तुझं चुकतं कुठे ते सांग. धरण्याआधी का धरल्यावर?"

"धरल्यावर. जवळ जाण्यात मी मास्टर आहे."

आणि तो होता, हे आम्ही पाहिलेलं आहे. स्टिक कितीही हळू ढकलली तरी पाऊल वाजतं. पावलाचा आवाज गिळायचा तर दिशांची चार बटणं वापरून पुढे सरकायचं, हे मंद्यानं आम्हा सगळ्यांच्या आधी शोधलं होतं. हातात एके-४७ असेल तर धरण्याचा डाव चालत नाही, पिस्तूल, सुरी किंवा रिकामा हात हवा, हेही त्यालाच आधी कळलं. गवतातून सरपटत तो पहारेकऱ्याच्या इतक्या मागे जायचा की आम्ही श्वास धरून बसायचो. मग गोल. मग रक्त.

"हाफ क्लच," सायली म्हणाली. "क्लासला येणारी पहिली शंभर माणसं क्लच एक तर पूर्ण दाबतात, नाहीतर झटकन सोडतात. मधलं त्यांना माहीतच नसतं. चढावर गाडी तरंगत ठेवायची तर पाय नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. अंगठा तसा. पेराचं टोक उचल, आडवा ठेव, त्याच्या नुसत्या वजनानं बटण खाली जाऊ दे. आणि गोल दाबताना डावा अंगठा स्टिकवरून पूर्ण उचल, नाहीतर धरायच्या ऐवजी तू त्याला आपटशील."

"ते सगळं केलंय मी."

"मग स्टिक चेपताना जातो तुझा माणूस. सगळ्यांचा तिथेच जातो."

हे मात्र मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. माणूस कवेत आहे, उजवा अंगठा गोलावर हलका टेकलेला आहे. आता त्याला बोलतं करायचं म्हणून डाव्या अंगठ्यानं स्टिक आत चेपायची. ती घट्ट असते, जोर लावावा लागतो. आणि डाव्यानं जोर लावला की उजवा आपोआप आवळला जातो. तुम्ही आत्ता हे वाचताना करून बघा: एक अंगठा टेबलावर कचकन दाबा आणि दुसरा सैल ठेवा. नाही राहत.

बंड्या एकदम उठून बसला. बंड्या तबला शिकवतो, गेममधलं त्याला ओ की ठो कळत नाही, आणि आतापर्यंत तो भज्यांवर लक्ष ठेवून होता. "अरे, हा तर बायाँ-दायाँचाच प्रश्न आहे!" त्यानं टपरीवाल्या काकांचा बिस्किटांचा रिकामा डबा ओढला. "बघ. उजवा हात किनारीवर कडक 'ना' वाजवतोय. त्याच वेळी डाव्याचा तळवा बायाँवर नुसता सरकला पाहिजे, दाब कमी-जास्त झाला की आवाज वर-खाली होतो. पोरांना काय होतं, उजवा जोरात पडला की डावाही धपकन बसतो. मग घुमायच्या ऐवजी थप्प. सहा महिने जातात नुसते हात वेगळे करायला."

"मग शिकवतोस कसं?" चिन्मयनं विचारलं. आता त्यालाही रस आला होता.

"तोंडानं बोल म्हणायला लावतो. तोंड चालू असलं की श्वास अडत नाही, आणि श्वास अडला नाही की हात आवळत नाही."

"म्हणजे गळा धरताना धा धिं धिं धा म्हणायचं?" सुब्या.

"म्हणून बघ."

इथे सुब्या पुन्हा पेटला. म्हणाला, क्लच आणि तबला यांची गोष्टच वेगळी. क्लच पायाला उलट ढकलतो, तबल्याचं कातडं हाताला सांगतं. प्लॅस्टिकचं तेवढंसं बटण काय सांगणार? मी म्हणालो, नदी सांगते. आणि बोलून गेल्यावर जीभ चावली.

कारण मंद्याचं दुखणं नेमकं त्या नदीत आहे. गेममध्ये पुढे एका ठिकाणी द सॉरो नावाचं भूत भेटतं. त्याच्याशी लढाई अशी नाहीच. स्नेक कमरेएवढ्या पाण्यातून चालत राहतो आणि समोरून माणसं येतात, तोवर तुम्ही जी जी मारलीत ती. कमी मारली असतील तर नदी बरीचशी रिकामी. ज्यांचा गळा चिरला ते गळा घेऊन येतात. मंद्या तिथे पोहोचला तो २००६च्या मे महिन्यात, स्टेशनजवळच्या एका गेम पार्लरमध्ये, तासाला वीस रुपये. आम्ही चौघं मागे उभे. आणि माणसं यायला लागली. येतच राहिली. मंद्यानं एकालाही ठरवून मारलं नव्हतं. प्रत्येक वेळी त्याला फक्त धरून विचारायचं होतं. नदीतली माणसं संपली नाहीत, तास संपला. त्यानं खिसे चाचपले, बंड्याकडे दहा मागितले, बंड्याकडे नव्हते. पडदा काळा झाला. हा गेम तो पुन्हा कधी खेळला नाही.

"त्यातला एकही माझ्याशी बोलला नाही," मंद्या आत्ता म्हणाला. "स्टिक चेपायची वेळच आली नाही रे. गोल टेकवलं की खेळ खलास. मी हळू दाबायचो, शपथ. मला तर वाटायला लागलं होतं की ते बोलणं वगैरे तुम्ही बनवून सांगता."

सायली त्याच्याकडे बघत राहिली. "टेकवलं की लगेच? स्टिक न चेपता?"

"लगेच."

"दर वेळी?"

"अगं, दर वेळी."

सुब्यानं ग्लास खाली ठेवला. "मंद्या, पॅड कसला होता?"

"कसला म्हणजे? पीएस-टूचा."

"दिसायला कसा होता?"

"निळा. आरपार दिसायचा. आत लाल लाइट होता, मस्त लुकलुकायचा."

सुब्या हसायला लागला, आणि मग हसणं थांबवून कपाळाला हात लावला. खऱ्या पॅडमध्ये बटणाखाली रबराची छोटी टोपी असते, आणि तिच्याखाली वीज वाहणारी पातळ पट्टी. दाबाल तसं रबर पसरतं, जास्त जागा टेकते, जास्त वीज जाते, आणि त्यावरून दाब किती ते कळतं. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त पॅडांत बऱ्याचदा ही भानगडच नसायची. बटण टेकलं की पॅड सांगून मोकळा: २५५.

"म्हणजे," मंद्या हळू म्हणाला, "मी अंगठा नुसता ठेवला तरी..."

"स्नेकला वाटायचं तू जीव खाऊन दाबलंयस."

कुणी काही बोललं नाही. वीस वर्षं हा माणूस स्वतःच्या अंगठ्याला नावं ठेवत होता. आम्हीही ठेवत होतो. एकदा कॅरममध्ये त्याची राणी हुकली तेव्हा मीच 'गळेकापू' म्हणालो होतो.

"म्हणजे मी मारलेच नाहीत!"

"मेले तर ना," चिन्मय म्हणाला. "नदीत आले म्हणजे मेले."

"अरे, पण माझी इच्छा नव्हती!"

"दादा, त्यांना काय फरक पडतो?"

इथे मला वाटलं माझा आठ वर्षांचा मुद्दा आता सोन्यासारखा चमकणार, पण सुब्यानं तो उचलून स्वतःच्या खिशात घातला. म्हणाला, बघ, तुझ्या त्या थोर अर्थाची सगळी मदार एका रबराच्या टोपीवर होती, टोपी नाही तर अर्थ नाही. ह्यालाच मी भिकार डिझाइन म्हणतो. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही. तरी मला पटलेलं नाही, हेही नोंदवून ठेवतो.

"माझ्याकडे ओरिजिनल पॅड आहे," सायली म्हणाली. "माळ्यावर. मशीनसकट."

सव्वाअकराला आम्ही सहाजण तिच्या घरी. माळ्यावरून खोकं उतरवलं, पिवळी-लाल-पांढरी वायर टीव्हीच्या मागे कुठे लावायची यावर दहा मिनिटं गेली, दोनदा फुंकर मारल्यावर डिस्क वाचली. पहिलीच मोहीम, द्रेमुचीचं जंगल. मंद्या सतरंजीवर मांडी घालून बसला. दिशांची बटणं वापरत, एकेक पाऊल. तो विसरला नव्हता. पहारेकऱ्याच्या मागे पोहोचला, डावा अंगठा उचलला, उजवा आडवा ठेवला.

माणूस कवेत आला. जिवंत.

"श्वास," बंड्या कुजबुजला. मंद्या खरंच तोंडातल्या तोंडात धा धिं धिं धा म्हणायला लागला. पहारेकरी हात हलवत होता, मंद्या त्याला झाडाआड ओढत होता, सुब्या मोबाईलवर शूट करत होता. मग त्यानं डावी स्टिक चेपली. पडद्याखाली अक्षरं उमटली. पहारेकरी बोलत होता.

"बोलला!" मंद्या ओरडला. "अरे बोलला रे, बोलला!"

आणि त्या आनंदात दोन्ही अंगठे आवळले गेले.

आतल्या खोलीतून सायलीच्या आईनं विचारलं, "काय रे, काय झालं?"

"काही नाही, काकू," सुब्या म्हणाला. "पॅड चांगला आहे."