माणूस नको, चिन्ह बघा

पुणे महापालिकेची निवडणूक होऊन गेली, गुलाल धुऊन झाला, आणि आता ओळखीतले बरेच जण हळूच विचारतात, "आपण बरोबर माणसाला मत दिलं ना हो?" प्रश्नच चुकीचा आहे. नगरसेवक निवडताना माणूस बघतं कोण? पुढच्या खेपेला असा संभ्रम नको, म्हणून हे मार्गदर्शन. फुकट आहे, घ्या.

उमेदवाराला काहीही विचारू नका. मी विचारलं, आणि पस्तावलो. आमच्या भागातले भाऊ २०१७ साली एका पक्षाचे होते. गल्लीच्या तोंडाशी ड्रेनेजचं चेंबर तुंबतं, हे त्यांना सांगितलं की भाऊ हात वर करायचे. "काका, वर आपलं सरकार नाही. निधीच सोडत नाहीत हो." यंदा भाऊ आले ते नवं उपरणं घालून. गाडीच्या मागच्या काचेवरचं जुनं चिन्ह खरवडून काढलेलं, गोंदाचा डाग मात्र तसाच. म्हटलं, भाऊ, चेंबरचं काय? "काका, आता वर आपलंच सरकार! निधीची चिंता सोडा. तेवढं बटण बघा." पण चेंबर साफ करायला मुंबईहून निधी कशाला लागतो, हे काही त्यांनी सांगितलं नाही. मागून एक पोरगा ओरडला, "विकास!" आणि सगळे पुढच्या वाड्यात शिरले.

जाहीरनामा वाचू नका. त्यांनीही वाचलेला नसतो.

शपथपत्र तर मुळीच उघडू नका, रात्रीची झोप जाते.

आणि एबी फॉर्मचा, म्हणजे पक्षाच्या तिकिटाच्या कागदांचा, आदर करायला शिका. 'ए' फॉर्म सांगतो पक्षातर्फे सही कोणाची चालेल, 'बी' सांगतो उमेदवार कोण. दोन कागद, शाईची सही, बास. त्यांच्यासाठी ३० डिसेंबर २०२५ ला, अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी, दुपारी तीनपर्यंत राज्यभर काय चाललं होतं ते आपण टीव्हीवर पाहिलंच. नाशिकमध्ये फॉर्म घेऊन निघालेल्या गाडीचा इच्छुकांनी पाठलाग केला. पुण्यात एकाने प्रतिस्पर्ध्याचा फॉर्म गिळल्याची बातमी आली, त्याने इन्कारही केला. छत्रपती संभाजीनगरात निष्ठावंतांनी नेत्यांसमोर रडून घेतलं. वर्षानुवर्षं सतरंज्या उचलणाऱ्याला दुपारी बारा वाजता कळतं की फॉर्म काल रात्री पक्षात आलेल्या माणसाला गेला. एकाच जागेसाठी दोघांना फॉर्म दिले जातात, मग एकाचा बाद होतो आणि तो 'पुरस्कृत अपक्ष' म्हणून शिट्टी नाहीतर कपबशी घेऊन फिरतो. ही सगळी मारामारी कशासाठी? पाणी, कचरा, गटार बघण्यासाठी! इतकी सेवेची तळमळ जगात कुठे असेल?

बरं, फॉर्मला एवढं मोल का आलं? पुण्यात २००७ ला एका प्रभागात एक नगरसेवक होता. २०१२ ला दोन झाले, २०१७ ला चार. आता ४१ प्रभाग आणि १६५ जागा, म्हणजे एक प्रभाग सोडून सगळीकडे चार. २०११ च्या जनगणनेच्या हिशेबाने सरासरी एका प्रभागात ऐंशी हजारांवर माणसं येतात. एवढ्या लोकांच्या दारात एकटा अपक्ष पोचणार कसा? खिशात पैसा हवा, नाहीतर चिन्ह. म्हणजे आधी प्रभाग इतका मोठा करायचा की चिन्हाशिवाय कोणी उभंच राहू नये, आणि मग चिन्ह वाटायचा मक्ता आपल्याकडे ठेवायचा. मुंबईत अजूनही एका प्रभागाला एकच नगरसेवक असतो, तिथलं काही अडलेलं नाही. इथे मात्र चार बटणं दाबल्याशिवाय यंत्र वाजत नाही, आणि "पॅनल टू पॅनल चालवा" म्हणत आपण चारही एकाच पक्षाची दाबून येतो. त्यातल्या एकाचं तोंड पाहिलेलं असतं. उरलेले तीन त्याच्या फ्लेक्सवर छोट्या फोटोत असतात. पुढे तक्रार घेऊन गेलो की हा म्हणतो, "ते काम त्यांच्याकडे आहे," आणि ते म्हणतात, "यांच्याकडे." अहो, चौघेही सगळ्या प्रभागाचे आहेत!

युतीचं टेन्शन घेऊ नका. अंबरनाथच्या नगरपालिकेत भाजप आणि काँग्रेसच्या नगरसेवकांनी मिळून आघाडी केली. काँग्रेसने आपल्या बाराजणांना निलंबित केलं, तर ते भाजपमध्येच गेले. अकोटला भाजप आणि एमआयएम एका मंचावर बसले. ज्या मतदाराने 'त्यांना रोखायला' मत दिलं होतं, त्याने आता शांतपणे चहा घ्यावा. १९८६ चा पक्षांतरबंदीचा कायदा नगरसेवकांनाही लागू आहे, नगरपालिकेत जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि महापालिकेत विभागीय आयुक्तांकडे गटाची नोंदणी होते, सगळं कायदेशीर असतं.

मत देण्याचाच कंटाळा असेल तर कल्याण-डोंबिवलीत घर बघा. तिथे कितीतरी प्रभागांत समोरच्यांनी अर्ज मागे घेऊन मतदारांचे कष्ट वाचवले.

पण खरं सांगू का, पक्षांना शिव्या घालून मी दमलो. मार्च २०२२ ला पुण्याच्या सभागृहाची मुदत संपली आणि जवळपास चार वर्षं प्रशासकाने कारभार केला. सुप्रीम कोर्टाने ६ मे २०२५ ला दटावलं तेव्हा कुठे निवडणुकीची हालचाल झाली. त्या चार वर्षांत आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर कितीजणांनी विचारलं, की आमचा नगरसेवक कुठाय? दिल्लीतल्या भाषणाचे व्हिडिओ मात्र रोज पहाटे सहाला येत होते. भाऊ पक्ष बदलतात कारण त्यांना पक्कं ठाऊक आहे की तुम्ही भाऊंना नाही, काचेवरच्या स्टिकरला मत देता. ड्रेनेजच्या कामासाठी पंतप्रधानांचा फोटो बघून बटण दाबणारे तुम्हीच, आणि पावसाळ्यात "यांना काही लाजच नाही" म्हणणारेही तुम्हीच. लाज त्यांनाच का हवी? जानेवारीत निवडून दिलेल्या आपल्या प्रभागातल्या नगरसेवकांची नावं आत्ता, मोबाईल न बघता, सांगा बरं. पहिलं सांगाल. दुसरं कदाचित सांगाल. पुढे?