उकराउकरी

माती, पाणी आणि ऊन एवढ्या ज्ञानाच्या भांडवलावर मी रानातली झाडं बियांपासून वाढवायला निघालो. सुरुवात बहाव्यापासून. हातभर काळी शेंग फोडली, तर आत चळतीसारखे रचलेले कप्पे, चिकट गर आणि कप्प्याकप्प्यात एकेक तपकिरी, गुळगुळीत, मख्ख बी. २० पेरल्या. महिनाभर पाणी घातलं. मग एक उकरून पाहिली. पेरली तश्शीच! उलट रोजच्या आंघोळीनं जरा जास्तच चकाकत होती.

"कवच टणक असतं तिचं, पाणी आत शिरतच नाही. पॉलिश पेपरवर घास आणि रात्रभर भिजत घाल," एका जाणकारानं सांगितलं. रविवारची अख्खी दुपार घासण्यात गेली. बी एवढीशी, बोटं जाडजूड. बियांपेक्षा माझीच सालं जास्त निघाली. "दागिने घडवतोयस का?" बायकोनं विचारलं. पण सकाळी बिया टम्म फुगलेल्या! पेरल्या. पाचव्या दिवशी राहवेना, म्हणून एक उकरली, तर नुकतं फुटलेलं मूळ माझ्याच नखानं तुटलं. त्या दिवशी घरात मी कुणाशी फारसं बोललो नाही.

सागाच्या फळाचे लाड वेगळे. रात्री भिजवा, दिवसा वाळवा, असं आठवडाभर तरी. एवढी बडदास्त आमच्याकडे जावयाचीही कुणी ठेवली नव्हती (जावई मीच).

जांभळाचं सगळं उलटं. तिथे बी ताजीच पेरायची, वाळली की संपली. मी ती खडखडीत वाळवून, डब्यात भरून, वर चिठ्ठी डकवून चार महिने जपली. पुढच्या हंगामात ताज्या १० पेरल्या, तर रोपं आली १४! जांभळाच्या एका बीतून कधी कधी दोन-तीन रोपंही येतात म्हणे. वहीत १४० टक्के यश लिहिताना मलाच माझा संशय आला.

मग बेहडा. या वेळी उकरायचं नाही, अशी बायकोसमोर शपथ घेतली. १२ पिशव्यांत १२ बिया. दोन महिने रोज पाणी, मनावर दगड. हिरवा ठिपकासुद्धा दिसेना. शेवटी ती झोपल्यावर विजेरी घेऊन गेलो आणि शपथ मोडली.

बाराही कवचं रिकामी. प्रत्येकाला बाजूनं कुरतडलेलं भोक, आतला गर गायब.

उंदरानं कुठलीही शपथ घेतलेली नव्हती.