फॉरमॅट मारण्याआधी कॅबिनेट तरी उघडा!

पुन्हा तेच झालं. या वेळी देवगडचा. आंबा बागायतदाराचा जुना डेस्कटॉप, तिसऱ्या पिढीचा आय-थ्री, चार जीबीची डीडीआर-थ्री रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क. मेअखेर शेवटच्या पेट्या वाशीला गेल्या, हिशेब मिटला, मशीन बंद करून वर चादर टाकली. गणपतीला मुंबईहून मुलगा आला, बटण दाबलं, कंपनीचा लोगो आला आणि तिथेच खिळला. बंद करून परत लावला तर विंडोजचे टिपके चार फेरे मारून थांबले. तिसऱ्यांदा सुरू झाला. दुसऱ्या दिवशी परत तीच रड. "चालू होता आणि थंयच अडाकता" एवढं सांगून बाजारातल्या एका दुकानात दिला.

दुकानात काय केलं? पेनड्राइव्ह लावला, फॉरमॅट मारला म्हणजे डिस्क पुसली, नवी विंडोज टाकली, आठशे रुपये घेतले. "डेटा ठेवायचाय का?" हा एक प्रश्न विचारला नाही. कॅबिनेटची बाजूची पत्री दोन स्क्रूंवर असते. त्या दोन स्क्रूंवरचा गंज जसाच्या तसा होता, म्हणजे स्क्रूड्रायव्हर तिथवर पोचलाच नाही. सी ड्राइव्हवर टॅलीत नऊ हंगामांचा हिशेब होता. कुठल्या दलालाकडे किती पेट्या, किती उचल, फवारणीची बिलं, राखणदारांचे पगार. सगळं पुसलं. आणि चौथ्या दिवशी मशीन पुन्हा लोगोवर अडकलं.

अडकणारच! कंपनीचा लोगो दिसतो तेव्हा विंडोज अजून उठलेलीच नसते. त्या वेळी बायोस, म्हणजे मदरबोर्डवरच साठवलेला सुरुवातीचा प्रोग्राम, एकटा काम करत असतो, रॅम मोजतो, डिस्क शोधतो, यूएसबीला काय लावलंय ते बघतो. तिथे अडकलेल्या मशीनची विंडोज पुसून काय मिळणार होतं? एवढी साधी गोष्ट ज्याला कळत नाही त्याने लोकांच्या हिशेबाला हात लावू नये.

पत्री काढली की दोष समोर दिसत होता. रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर काळपट-हिरवे ठिपके, स्लॉटच्या कडेला पांढरी भुकटी. मदरबोर्डवरचा सेल, तीन व्होल्टचा सीआर२०३२, मल्टिमीटरवर २.१ दाखवत होता. रॅम काढून पट्ट्यांवर पांढरा खोडरबर हलक्या हाताने, मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेलं सुती कापड, स्लॉटमध्ये त्याच अल्कोहोलने ओला केलेला मऊ ब्रश, पंधरा मिनिटं वाळवणं, नवा सेल. अर्ध्या तासाचं काम. सामानाचा खर्च शंभर रुपयांच्या आत. आणि यासाठी नऊ हंगाम पुसले.

कोकणात दुकान टाकून बसलेल्या माणसाला हे माहीत नसावं याचा संताप येतो. जून लागला की सैंपाकघरातल्या मिठाला पाणी सुटतं, म्हणून आपण बरणीत तांदळाचे दाणे टाकतो. तेच मीठ खाऱ्या वाऱ्याबरोबर खिडकीतून येऊन मदरबोर्डवर बसतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून त्यातच विरघळतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता त्याच्या वरच असते. रॅमच्या पट्ट्यांवर सोन्याचा नुसता मुलामा असतो, त्याखाली निकेल, त्याखाली तांबं. मुलाम्यातल्या बारीक छिद्रांतून खारं पाणी आत शिरतं आणि तांबं हिरवं पडतं. संपर्क कधी लागतो, कधी सुटतो. म्हणून पहिल्या दोन वेळा अडकतं आणि तिसऱ्यांदा चालू होतं. मशीन तापलं की जरा बरं चालतं, म्हणून दुकानात टेबलावर दिवसभर नीट चालतं आणि घरी सकाळी पुन्हा थिजतं. त्यात नादुरुस्त रॅमवर नवी विंडोज टाकायची म्हणजे तिच्या फाइल उतरतानाच बिघडण्याचा धोका. जुनी विंडोज निदान चांगल्या रॅमवर टाकलेली होती!

खोडरबर जोरात घासू नका, मुलामा निघाला की ती रॅम फुकट. तोंडाने फुंकर मारू नका, फुंकरीतही पाणीच असतं. आणि स्लॉटमध्ये गंज काढायचं तेल कुणी मारत असेल तर त्याच्या हातातला डबा काढून घ्या. त्या तेलावर धूळ चिकटते आणि दोन महिन्यांत तो स्लॉट पहिल्यापेक्षा वाईट होतो.

कुठे अडकतं ते बघायला दोन मिनिटं लागतात, तरी कुणी बघत नाही. लोगो यायच्या आधी काळा पडदा आणि बीप: ते बीप मोजा, त्यांचा अर्थ बायोसच्या कंपनीनुसार बदलतो, पण बऱ्याच वेळा वाट रॅमकडेच जाते. लोगोवर अडकलं तर प्रिंटर, पेनड्राइव्ह, डोंगल, कार्ड रीडर सगळं उपटा, फक्त कीबोर्ड, माउस, मॉनिटर ठेवा. समुद्राकाठच्या कॅबिनेटचे पुढचे यूएसबी पोर्ट तर आधी गंजतात, आतले दोन पत्रे एकमेकांना चिकटतात आणि बायोस तिथेच वाट बघत बसतो. पुढच्या पोर्टची वायर मदरबोर्डवरून काढून बघा, कित्येक मशीन तेवढ्यानेच उठतात.

सगळ्यात सोपी परीक्षा तर कुणीच करत नाही. चालू करताना डिलीट किंवा एफ-टू दाबून बायोसमध्ये शिरा आणि वीस मिनिटं नुसतं बसून राहा. तिथेही अडकलं तर दोष हार्डवेअरचा, विंडोजचा संबंधच नाही. बसल्या बसल्या हार्डवेअर मॉनिटरच्या पानावर प्रोसेसरचं तापमान बघा. ते दोन-तीन मिनिटांत ऐंशी-नव्वदीकडे धावत असेल तर कूलरच्या चार खिळ्यांपैकी एखादी उचकटली आहे किंवा प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट वाळून खडू झाली आहे. जुन्या इंटेल बोर्डांवरच्या त्या प्लास्टिकच्या पुश-पिन हा माझा जुना राग आहे. वरून बसल्यासारख्या दिसतात आणि खालून अर्ध्याच घुसलेल्या असतात. बोर्ड उलटा करून चारही पिनांची पांढरी टोकं बाहेर आलीत का ते बघावं लागतं. पेस्ट मटारच्या दाण्याएवढी, त्याहून जास्त नको. आणि ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, तो गरगर फिरू देऊ नका.

बायोसमध्ये व्यवस्थित चालतं आणि विंडोजच्या टिपक्यांवर अडकतं, तरीसुद्धा फॉरमॅट नाही! आधी हार्डडिस्कचा लाल दिवा बघा. तो न लवता एकसारखा जळत असेल तर बहुतेक डिस्क एखादा खराब सेक्टर, म्हणजे डेटा साठवायचा बारीक कप्पा, परत परत वाचायचा प्रयत्न करते आहे. लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे डिस्कवरच्या विंडोजला हात न लावता, मशीन सुरू करा, पहिल्यांदा डेटा दुसऱ्या डिस्कवर उतरवा, मग स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीचे ठेवते ते आकडे तपासा. क्रमांक पाच म्हणजे बदललेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न येणारे आणि निकालाची वाट बघणारे. १९७ शून्याच्या वर आणि रोज वाढतोय, तर डिस्क जाणार. १९९ वाढत असेल तर दोष बहुतेक डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या साटा केबलचा, पन्नास-साठ रुपयांच्या वायरीचा. ती बदला आणि तो आकडा थांबतो का बघा. मरणाऱ्या डिस्कवर आधी चेकडिस्क, म्हणजे विंडोजचा डिस्क दुरुस्तीचा प्रोग्राम, चालवणारेही तेवढेच दोषी. सगळी डिस्क शेवटपर्यंत खरवडून तो उरलासुरला जीवही घालवतो. आधी प्रत काढायची, दुरुस्ती नंतर.

विंडोज सेव्हनवाल्या मशीनवर सेफ मोड लावला की ओळी पडत जातात आणि क्लासपीएनपी नावाच्या फाइलवर थांबतात. लगेच ती फाइल खराब ठरवून फॉरमॅट. अरे, ती फाइल नीट चढली म्हणून तर तिचं नाव दिसतंय! अडकलंय ते तिच्या पुढचं.

सेलचं तर काय सांगू. सेल मेला की घड्याळ मागे जातं हे सगळ्यांना माहीत. पण बायोसच्या सगळ्या सेटिंग मूळपदावर जातात हे कुणी लक्षात घेत नाही. विंडोज टाकली तेव्हा साटाचा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, एएचसीआय होता, सेल गेल्यावर तो जुना आयडीई झाला, की विंडोज आपलीच डिस्क ओळखत नाही. निळा पडदा येतो, शून्य-एक्स-सेव्हन-बी हा आकडा येतो, मग स्टार्टअप रिपेअर गोल गोल फिरत बसतं. बायोसमध्ये एक पर्याय बदलायचा असतो. त्यासाठीही फॉरमॅट मारलेली मशीन बघितली आहेत. ग्रामपंचायतींपासून डीटीपीच्या दुकानांपर्यंत. डीटीपीवाल्याचे तर श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचे फाँटही त्यात जातात, आणि मग वीस वर्षांच्या लग्नपत्रिका उघडल्या की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो.

विंडोज टेनमध्ये आणखी एक दुखणं आहे, फास्ट स्टार्टअप. शटडाउन करून चालू केलं की अडकतं, पण रीस्टार्ट दिलं की नीट येतं, असं असेल तर तेच. शटडाउन केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद न होता डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी बिघडलेल्या ड्रायव्हरसकट परत उठवला जातो. पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ती खूण काढायची, संपलं.

आणि वीज! संध्याकाळी सातला पंखा रडायला लागतो, दिवे पिवळे पडतात, त्याच वेळी मुलं मशीन चालू करतात. सुरुवातीला डिस्क आणि पंखे एकदम फिरायला लागतात तेव्हा एसएमपीएसवर, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, मोठा भार येतो, आणि आतले वीज साठवणारे कॅपॅसिटर म्हातारे झाले असतील तर व्होल्टेज तिथेच कोसळतं. मल्टिमीटर लावा: पिवळी वायर ११.४ ते १२.६ व्होल्ट, लाल ४.७५ ते ५.२५, नारिंगी ३.१४ ते ३.४७. मशीन सुरू होत असतानाच मोजायचं, शांत बसलेल्या एसएमपीएसचे आकडे सगळे चांगलेच दिसतात. मदरबोर्डवर प्रोसेसरच्या बाजूचे कॅपॅसिटर बघा, माथा सपाट हवा. फुगला असेल, तपकिरी चिकट काही आलं असेल, तर तेच कारण. एसएमपीएसचं झाकण मात्र माहीतगाराशिवाय उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्ट राहू शकतात. तिथे पाल शिरून मेलेली असते, मुंग्यांनी घर केलेलं असतं, हेही नवीन नाही.

अर्थिंगबद्दल बोललं की लोक हसतात. जांभ्याच्या सड्यावरच्या घरांत अर्थिंगचा खड्डा शिमग्यानंतर ठणठणीत कोरडा पडतो. कॅबिनेटला हात लावला की चुणचुण होते ना? एसएमपीएसच्या फिल्टरमुळे, अर्थ नसेल तर, त्या पत्र्यावर २३० च्या निम्मे व्होल्ट येऊन बसतात. त्याच पत्र्याला तुमचा मदरबोर्ड जोडलेला आहे. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मोजून बघा, दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर आधी वायरमनला बोलवा.

"विंडोज टेनचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, इलेव्हन यावर चालणार नाही, नवाच घ्या," हे वाक्य तर आता सगळ्या दुकानांत पाठ झालंय. इलेव्हनला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, हे खरंच आहे. पण मशीन का अडकतं याचं ते उत्तर नव्हे. काळ्या पडलेल्या रॅमच्या पट्टीवर पस्तीस हजारांची पावती फाडायची?

पावसाळ्यात मशीन चादरीखाली कोंडून ठेवू नका. रोज नाही तर एक दिवसाआड तासभर चालू ठेवा, आतली ऊब ओल बाहेर काढते. चादर ओल धरते. तीन महिने बंद राहिलेलं मशीन गणपतीत एकदम दाबायचं असेल तर आधी पत्री काढून अर्धा दिवस पंख्याखाली ठेवा. आणि २२ जुलै २०२१ ला चिपळुणात जी मशीन पुरात गेली तशी वेळ आली, तर चालू होतंय का बघायला बटण दाबूच नका. सेल काढा, गाळ स्वच्छ पाण्याने धुवा, वर अल्कोहोल, मग कित्येक दिवस वाळवण. वीज लावली की गाळासकट तांबं जळतं.

आणि फॉरमॅट झालाच असेल तर त्याच मिनिटाला मशीन बंद करून डिस्कची केबल काढा. हार्डडिस्कवर नवीन काही लिहिलं जात नाही तोवर जुनं बरंचसं जागेवर असतं. एसएसडी असेल तर पुसलेली जागा लगेच रिकामी करून टाकणाऱ्या ट्रिममुळे तीही आशा फारशी उरत नाही. देवगडच्या त्या डिस्कवर चार दिवस विंडोजचे अपडेट उतरत होते, थेट जुन्या हिशेबाच्या जागेवर. शोधून शोधून टॅलीच्या ज्या फाइल निघाल्या त्यांतल्या तीन हंगामांच्याच उघडल्या. बाकीचे सहा हंगाम आता वाशीच्या दलालांकडून विक्रीच्या जुन्या पट्ट्या, म्हणजे हिशेबाच्या चिठ्ठ्या, मागवून, एकेक पेटी हाताने परत भरायचे आहेत.